पहिला कॅमेरा आणि उजेडाचा हिशेब

लालबाग-परळच्या मूर्तिशाळांतून गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुका निघू लागल्या की कमी खर्चात पहिला डिजिटल कॅमेरा कोणता घ्यावा, हा प्रश्न दरवर्षी हमखास विचारला जातो आणि नेमक्या त्याच सुमारास फोनच्या जाहिरातींतून १०८ किंवा २०० मेगापिक्सेलचे आकडे झळकू लागतात. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख चित्रबिंदू. प्रतिमा किती तुकड्यांत विभागली जाते एवढेच हा आकडा सांगतो. त्या प्रत्येक तुकड्याला किती उजेड मिळाला, याविषयी तो अवाक्षर काढत नाही. नवशिक्याचे पैसे वाया जातात ते बहुधा या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे.

आकड्याचा फोलपणा उत्पादकांच्या वागण्यातूनच उघड होतो. २०० मेगापिक्सेलचे फोन नेहमीच्या वापरात शेजारशेजारच्या सोळा बिंदूंची बेरीज करून एक बिंदू बनवतात आणि ग्राहकाच्या हाती साडेबारा मेगापिक्सेलचे चित्र देतात; १०८ मेगापिक्सेलचे फोन नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलवर येतात. म्हणजे जाहिरातीत भागाकार आणि फोनच्या आत बेरीज, असा हा व्यवहार आहे. फुल एचडी दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर जेमतेम २ मेगापिक्सेल मावतात, फोर-के पडद्यावर ८.३, आणि ८ बाय १० इंचांचे छायाचित्र इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापायचे असल्यास ७.२ मेगापिक्सेल पुरतात. गेल्या दहा-बारा वर्षांतला जवळपास कोणताही कॅमेरा ही गरज भागवतो, त्यामुळे दुकानात शिरताना हा आकडा डोक्यातून काढून टाकलेला बरा.

खरा प्रश्न उजेडाचा आहे, आणि तो समजण्यासाठी प्रकाश सुट्या कणांच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपाने येतो, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. हे कण ठरावीक अंतराने रांगेत येत नाहीत. दादर स्थानकाच्या पुलावर उभे राहून एकेका सेकंदात किती माणसे समोरून गेली ते मोजले, तर कधी चार, कधी नऊ, कधी सहा असे आकडे मिळतील आणि पुलावर नेमकी किती वर्दळ आहे याचा अंदाज दर सेकंदाला बदलत राहील. तीच मोजणी तासभर केली, तर सरासरी बरीच स्थिर येईल. (लोकल आल्यावर एकदम लोटणारा लोंढा या हिशेबात धरायचा नाही, कारण फोटॉनना वेळापत्रक नसते.) अशा आपापल्या मर्जीने येणाऱ्या कणांच्या मोजणीतील चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका असतो, असे संख्याशास्त्र सांगते. १०० फोटॉन मोजले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. १०,००० मोजले तर १०० चा, म्हणजे अवघा एक टक्का. अंधारात काढलेल्या छायाचित्रात सावल्यांवर रवाळ ठिपके दिसतात, ज्यांना छायाचित्रकार ‘नॉइज’ म्हणतात, त्यांत हा चढउतारच मोठ्या प्रमाणात असतो. कॅमेरा कितीही महाग असला तरी हा नियम त्याला चुकवता येत नाही. अधिक फोटॉन गोळा करणे एवढाच उपाय उरतो.

फोटॉन गोळा करणारा पृष्ठभाग म्हणजे सेन्सर, आणि म्हणून त्याचे क्षेत्रफळ हा माहितीपत्रकातला सर्वांत महत्त्वाचा आकडा ठरतो, जो बहुतेक वेळा शोधून काढावा लागतो. खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. भिंग बदलता येणाऱ्या प्राथमिक श्रेणीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी नावाचा २३.५ बाय १५.६ मिलिमीटरच्या आसपासचा सेन्सर असतो, ज्याचे क्षेत्रफळ ३६६ चौरस मिलिमीटर भरते. इतर सारे सारखे ठेवले तर दुसऱ्याला तेरापट फोटॉन मिळतात आणि त्याच्या चित्रातला रवाळपणा साडेतीन पटींहून अधिक कमी होतो. येथे ग्राहकाला चकवणारी एक जुनी रीत सांगायला हवी. ‘एक इंची’ म्हणून विकला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा कर्णसुद्धा जेमतेम १६ मिलिमीटर भरतो, तर इंच २५.४ मिलिमीटरचा. हे माप दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेले आहे. नळ्या केव्हाच इतिहासजमा झाल्या, पण मोठे दिसणारे माप सोडवत नसल्याने ते टिकून राहिले.

फोनचा सेन्सर लहान असूनही त्याची रात्रीची छायाचित्रे स्वच्छ कशी येतात, ही शंका येथे रास्त आहे. फोन एका दमात अनेक चित्रे टिपतो, ती एकमेकांवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो. नऊ चित्रांच्या सरासरीत रवाळपणा तिपटीने घटतो. क्षेत्रफळाची उणीव वेळेने भरून काढण्याची ही युक्ती फार सुंदर आहे आणि स्थिर दृश्यावर ती उत्तम चालते, त्यामुळे खोताच्या वाडीतली कौलारू घरे किंवा सजवलेल्या मखरातली मूर्ती टिपण्यासाठी हातात बरा फोन असणाऱ्याने कॅमेऱ्यावर खर्च करण्याचे कारण नाही. ढोल-ताशा पथकातल्या वादकाचे हात मात्र नऊ चित्रे होईपर्यंत थांबत नाहीत. तेथे एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात जे फोटॉन मिळतील त्यांवरच भागवावे लागते आणि मोठ्या सेन्सरचे मोल तेव्हा कळते.

स्वस्त सेन्सर इतका चांगला कसा झाला, याची कथा सांगताना १९६९ साली बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी लावलेला, सेन्सरचा पाया ठरलेल्या ‘सीसीडी’ या रचनेचा शोध आणि त्यासाठी त्यांना २००९ साली मिळालेले नोबेल पारितोषिक यांवरच बहुतेक लेख थांबतात. त्या दोघांनी सुरुवातीला विचार केला होता तो प्रामुख्याने संगणकाच्या स्मृतीचा. त्या रचनेतून प्रत्यक्ष प्रतिमा घेणारे साधन घडवले ते त्याच प्रयोगशाळेतल्या मायकेल टॉम्प्सेट यांनी. त्याहूनही उपेक्षित नाव आहे नोबुकाझू तेरानिशी यांचे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूत प्रकाशाने सुटे झालेले इलेक्ट्रॉन साठतात आणि मग ते मोजण्यासाठी बाहेर काढले जातात. परंतु जुन्या रचनेत काही इलेक्ट्रॉन मागे रेंगाळत आणि पुढच्या चित्रावर आधीच्या चित्राची भुताटकी उमटे. जपानच्या एनईसी कंपनीत काम करणाऱ्या तेरानिशी यांनी १९८० साली बिंदूच्या पृष्ठभागावर अशुद्धी मिसळलेला एक पातळ थर देऊन सगळे इलेक्ट्रॉन एकदम रिकामे होतील अशी रचना केली, आणि त्या थरामुळे पृष्ठभागावरून अंधारातही झिरपणारा नको असलेला विद्युतप्रवाहही घटला. ‘पिन्ड फोटोडायोड’ नावाची ही रचना आज जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात आहे. तिची बूज २०१७ साली क्वीन एलिझाबेथ अभियांत्रिकी पारितोषिकाने राखली. त्याचे मानकरी तेरानिशी, टॉम्प्सेट, स्मिथ आणि सीमॉस नावाच्या जातीचा सेन्सर घडवणारे एरिक फॉसम हे चौघे होते. नोबेल समितीपेक्षा अभियंत्यांचा न्याय येथे अधिक सरळ वाटतो.

सेन्सरपर्यंत उजेड पोहोचवणारे भिंग हा खर्चाचा दुसरा आणि बहुधा अधिक शहाणपणाचा भाग आहे. भिंगाचे नाभीय अंतर भागिले त्याच्या छिद्राचा व्यास या गुणोत्तराला एफ-क्रमांक म्हणतात आणि तो जितका लहान तितका उजेड जास्त. आत येणारा उजेड छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरत असल्याने क्रमांकाचा परिणाम वर्गाने वाढतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या भिंगाचा क्रमांक लांबच्या टोकाला ५.६ असतो, तर सर्वांत स्वस्त स्थिर नाभीय अंतराच्या भिंगांचा १.८; दोहोंतल्या उजेडाचा फरक साडेनऊ पटींहून अधिक आहे. नवशिक्यांना ५० मिलिमीटरचे असे भिंग घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो देणाऱ्यांची घरे ऐसपैस असावीत. गिरगावातल्या चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवून तीन मीटरवरचे दृश्य या भिंगाने एपीएस-सी सेन्सरवर टिपले, तर चौकटीत आडवे १.४ मीटर मावते, म्हणजे गौरी दिसली तर ओवसणारी बाहेर राहते. ३५ मिलिमीटरचे भिंग त्याच जागेवरून दोन मीटर टिपते आणि मध्य मुंबईच्या घरांना, जिन्यांना, गल्ल्यांना तेच अधिक मानवते.

मोजक्या पैशांत कॅमेरा घेण्याचा या शहरातला सर्वांत प्रसिद्ध दाखला दादरचाच आहे. चित्रपट काढायचा म्हणून दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले ते विम्याच्या पॉलिसींवर काढलेल्या कर्जाच्या बळावर, आणि तेथे ‘बायोस्कोप’ या नियतकालिकाच्या संपादकांचा सल्ला घेऊन, सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहून त्यांनी ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा खरेदी केला. सगळे पैसे कॅमेऱ्यात न घालता कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांचीही तजवीज त्यांनी केली, हा हिशेब आजच्या खरेदीदाराने जरूर पाहावा. परत आल्यावर भांडवलदारांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी निवडलेला विषय तर सामग्रीच्या मर्यादा ओळखण्याचा वस्तुपाठच होता. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली आणि दिवसचे दिवस चाललेली रोपाची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडून दाखवली. त्या काळच्या फिल्मची संवेदनक्षमता कमी होती आणि तांबडा रंग तिला जवळपास दिसतच नसे, परंतु न हलणारे, हिरवे आणि उन्हात ठेवता येणारे रोप या दोन्ही अडचणींना पुरून उरले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेला त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही मुख्यतः दादरच्या उन्हावरच चित्रित झालेला होता.

शिवडीच्या खाडीवर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी कॅमेरा हवा असणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा आहे, कारण ओहोटीला ते पक्षी फार दूर जातात आणि मोठ्या सेन्सरसाठी तितक्या पल्ल्याचे भिंग घेणे सामान्य खिशाबाहेरचे ठरते. निकॉनचा २०१५ सालचा पी९०० हा ८३ पट झूमचा कॅमेरा आणि त्याच्या जातीचे इतर कॅमेरे येथे उपयोगी पडतात. त्यांची मर्यादा भौतिकशास्त्रातच आहे. छिद्रातून जाताना प्रकाश थोडा पसरतो, ज्याला विवर्तन म्हणतात, आणि त्यामुळे तारेसारखा बिंदूही सेन्सरवर छोटी चकती बनून उमटतो. पी९००च्या लांबच्या टोकाला, ६.५ या एफ-क्रमांकावर, हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे ८.७ मायक्रोमीटर व्यासाची होते, तर त्याच्या १६ मेगापिक्सेल सेन्सरवरचा एक बिंदू केवळ १.३ मायक्रोमीटरचा आहे. एका चकतीखाली आडवे सहाहून अधिक बिंदू येत असतील, तर मेगापिक्सेल आणखी वाढवून तपशील वाढणार कसा? तरीही सकाळच्या स्वच्छ उन्हात पक्षी ओळखण्याजोगे चित्र या कॅमेऱ्यातून निश्चित मिळते. संध्याकाळी मिळेलच असे नाही.

प्रत्यक्ष खरेदीसाठी फोर्टमधील बोरा बाजाराचा परिसर मुंबईकरांना ठाऊक आहे. छायाचित्रकारांचा ओढा आता आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे असल्याने आरसा असलेले डीएसएलआर कॅमेरे वापरलेल्या मालात उतरत्या भावाने मिळतात, आणि निकॉनचा डी३५०० किंवा कॅननचा १५००डी हे २०१८ सालचे, २४ मेगापिक्सेलचे आणि एपीएस-सी सेन्सरचे कॅमेरे शिकण्यासाठी पुष्कळ आहेत. आरसा गेल्याने प्रकाश वाढत नाही. आकार आणि वजन घटते, नेम धरणे सोपे होते, एवढेच. वापरलेल्या कॅमेऱ्याचे शटर किती वेळा उघडले हा आकडा विचारून घ्यावा, कारण या श्रेणीत शटरचे आयुष्य साधारण एक लाख उघडझापींचे धरतात. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी मालाला येथे कंपनीची वॉरंटी सहसा लागू होत नाही, आणि जपानी बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांचा मेनू फक्त जपानीतच चालतो.

दुकानातच करून पाहण्यासारखी एक चाचणी आहे, जी विक्रेत्याला फारशी रुचत नाही. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटरचा वेग एकशतांश सेकंद ठेवला तर एक पूर्ण चढउतार चित्रात सामावतो आणि उजेड एकसारखा दिसतो. पाचशेव्या भागावर नेला तर लागोपाठच्या चित्रांचा उजेड बदलतो आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर आडवे काळे पट्टेही उमटू शकतात. मंडपातल्या रोषणाईखाली कॅमेरा किती साथ देईल, याची कल्पना दुकानाच्या छतावरच्या दिव्यांखाली काढलेल्या पाच-सहा चित्रांवरून येते.

वापरलेले भिंग घेताना मागून विजेरीचा झोत टाकून आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का, ते पाहावे. ही बुरशी असते. मुंबईत जुलैमध्ये हवेतील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बंद कपाटात, चामड्याच्या पिशवीत ठेवलेले भिंग बुरशीला चांगलेच मानवते. तिच्यातून स्रवणारी आम्ले काचेवरचा लेप खातात, आणि काच नंतर कितीही पुसली तरी तो परत येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवली तर बुरशी धरत नाही. पुड्यांतले निळे खडे गुलाबी पडले की त्या तापवून पुन्हा वापरता येतात. डबा, पुड्या आणि आत ठेवायचा छोटा आर्द्रतामापक यांचा खर्च भिंगाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असतो, आणि तो पावसाळ्याआधी करावा लागतो.