तांड्याचा अभ्यास कोणी करायचा?

वऱ्हाडातल्या बंजारा समाजावर सुरुवातीच्या काळात जे सविस्तर लेखन झाले, त्यातले एक महत्त्वाचे टिपण पोलिस अधिकाऱ्याचे आहे. वऱ्हाड पोलिसातल्या एन. एफ. कंबरलेज यांनी ते १८६९च्या सुमारास लिहिले असे मानतात. १८८२मध्ये ते पुन्हा छापले गेले. या लेखाचा विषय असलेला पुसद तालुका तेव्हा वऱ्हाडातल्याच वाशीम जिल्ह्यात होता, यवतमाळला तो जोडला गेला १९०५मध्ये. कंबरलेज यांनी राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही कुळे नोंदवली, लग्नाच्या रीती लिहिल्या, तांड्यातल्या देवाच्या झोपडीवरचा पांढरा झेंडाही टिपला. पण त्या झोपडीची नोंद आली ती दरोड्याला निघण्यापूर्वीच्या विधीच्या संदर्भात.

पुढे १९१६मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यातल्या बंजारा प्रकरणाला कंबरलेज यांच्या टिपणाचा मोठा आधार आहे. आणि रसेल-हिरालाल यांचा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या टेबलावर असतो. म्हणजे पोलिसाने पोलिसाच्या कामासाठी लिहिलेले पन्नास वर्षांनी मानववंशशास्त्र झाले, आणि शंभर वर्षांनी प्रबंधातला संदर्भ. पुसदमध्ये विद्यापीठीय संशोधनाची गोष्ट सांगायची तर ती इथून सुरू करावी लागते, कारण आता याच परिसरातल्या तांड्यांमधली मुले-मुली स्वतः पीएच.डी. करू लागली आहेत.

त्यांच्यापुढे पहिले काम आहे ते ही उसनी माहिती पारखून घेण्याचे. बंजारा म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण फार जुने नाही. १६३२मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला उत्तर भारतात धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला होता. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धात दख्खनेत उतरलेल्या आर्थर वेलस्ली यांचे सैन्य धान्यासाठी बंजाऱ्यांच्याच बैलांवर अवलंबून होते. मीठ, धान्य, कापूस यांची देशभरची वाहतूक या लोकांच्या हाती होती. मग सडका झाल्या, १८६७मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचा धंदा बसला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर शिक्का मारला, आणि पुढे काही भागांत बंजारेही त्याच्या कक्षेत आले. हा कायदा रद्द झाला १९५२मध्ये. भंग्या भुक्या या इतिहासकारांनी निजामाच्या राज्यातल्या लंबाडा, म्हणजेच बंजारा, समाजावर २०१०मध्ये जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात वाहतूकदार समाजाची ही घसरण सरकारी कागदपत्रांतूनच उलगडून दाखवली आहे. भुक्या स्वतः त्याच समाजातले. कागद सरकारीच होते. त्यांना प्रश्न वेगळे विचारले गेले.

वऱ्हाडाच्या बाजूने असे काम अजून व्हायचे आहे, आणि ते पुसदकडून व्हावे यात औचित्य आहे. पुसद तालुक्यातल्या गहुली गावात १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून ते पदवीधर झाले, कायदा शिकले, पुसदला वकिली केली, पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३ या काळात मुख्यमंत्री झाले. एकाच तालुक्यातून दोन मुख्यमंत्री निघाले, म्हणून पुसदचे राजकारण अभ्यासकांना नेहमी खुणावते. घराणे, पक्ष, मतांची गणिते यांवर बरेच लिहिले जाते.

त्यापेक्षा खोलवर जाणारा एक विषय मात्र मागे राहतो. महसूलमंत्री असताना वसंतरावांच्या अध्यक्षतेखाली २७ जून १९६० रोजी लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली गेली. मार्च १९६१मध्ये तिचा अहवाल आला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत अशी त्रिस्तरीय व्यवस्था सुरू झाली. बलवंतराय मेहता समितीने गट पातळीला महत्त्व दिले होते. नाईक समितीने जिल्हा परिषदेला बळ दिले. आता तांड्याकडे पाहावे. तांडा ही मूळ गावापासून दूर असलेली वस्ती. सरकारदरबारी अनेक तांडे कुठल्या तरी महसुली गावाचा भाग म्हणून नोंदलेले असतात. ग्रामपंचायत गावात, मतदार तांड्यात. रस्ता, नळ, अंगणवाडी यांचा निर्णय होताना तांड्याचा आवाज किती पोचतो? वसंतरावांच्याच नावाने तांडा-वस्ती सुधार योजना काढावी लागली, यावरून अडचण किती खरी आहे ते दिसते. पुसद तालुक्यातल्या ग्रामपंचायतींची गेल्या साठ वर्षांतली ठरावबुके कोणी ओळीने वाचली, तर महाराष्ट्राच्या पंचायत राज्याचा एक न लिहिलेला अध्याय हाती येईल. या कामाला मोठा निधी लागत नाही. दफ्तरात बसण्याची चिकाटी आणि ग्रामसेवकाचे सहकार्य लागते.

शिक्षणाकडे वळले की भाषा आडवी येते. तांड्यातले मूल घरी गोरबोली बोलते. आईला ते याडी म्हणते, भाकरीला बाटी. शाळेत पहिल्या दिवसापासून कानावर पडते ती मराठी. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बोलीचे नाते राजस्थानी-गुजरातीशी जोडले. २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी या नावाने ही बोली बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ३२ लाख ७७ हजार आहे; पण ती मोजली गेली हिंदीच्या खात्यात. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत या बोलीला जागा नाही, शाळेतही नाही. मूल मागे पडले की ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो. गोरबोली जाणणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात आणि न जाणणाऱ्याच्या वर्गात पहिली-दुसरीची मुले वाचायला कशी शिकतात, याचा दोन-तीन वर्षे नेटाने केलेला अभ्यास धोरण ठरवणाऱ्यांना थेट उपयोगी पडेल.

असा अभ्यास करताना वेळापत्रक विद्यापीठाचे चालत नाही, तांड्याचे चालते. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत अनेक घरांना कुलूप असते. हिवाळी सुटीत प्रश्नावली घेऊन गेलेल्याला भेटतात ते म्हातारे आणि त्यांच्यापाशी ठेवलेली नातवंडे. ‘घरात कमावते किती’ या रकान्यात मग जे भरले जाते, त्यावर टक्केवारी निघते, तक्ते होतात, निष्कर्षही येतात. सगळे नीटनेटके, आणि अर्धा तांडा गायब! चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला पावसाळ्यात पुन्हा पाठवतो. सोयाबीन-कपाशीची निंदणी चालू असते, माणसे थकलेली असतात, पण असतात. तांड्याचे नायक आणि कारभारी यांच्याशी बोलून बसकण मारता येते, आणि बाया कामावरून परतल्यावर त्यांच्याशी बोलायला विद्यार्थिनी असेल तर माहितीचा पोतच बदलतो.

कलेच्या बाबतीत तांडा श्रीमंत आहे. होळीला लेंगी गातात, सासरी निघालेली मुलगी गळ्यात पडून ढावलो गाते, श्रावणात तीजेला मुली टोपल्यांत गव्हाचे अंकुर वाढवतात, दिवाळीला दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागायला जातात. फेटिया-कांचळी या घागरा-चोळीवरचे आरसे, कवड्या आणि टाके यांवर घराघराचा हात ओळखू येतो. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला २०१०मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. तिथे संघटित काम झाले म्हणून ते शक्य झाले. ढावलोवर मराठी विभागात प्रबंध होतो तेव्हा गीतांचे शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ येतात. चाल मात्र कागदावर उतरत नाही, आणि गाणारीचा श्वास कुठे अडतो तेही नाही. संगीत, भाषा आणि समाजशास्त्र एकत्र बसल्याशिवाय या गीताला न्याय मिळणार नाही. आपल्या विद्यापीठांतल्या विभागांच्या भिंती इथे खरोखरच आड येतात.

साहित्याने त्या भिंती आधीच ओलांडल्या आहेत. आत्माराम राठोड यांच्या ‘तांडा’ या आत्मकथनाने वस्तीच्या आतून लिहिले. वीरा राठोड यांच्या ‘सेनं सायी वेस’ या कवितासंग्रहाला २०१५मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पुसदपासून जवळच, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला बंजारा संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान आहे, आणि तिथे ऑक्टोबर २०२४मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही उघडले. एवढे सगळे एका तासाच्या वाटेवर असताना पुसदच्या विद्यार्थ्याने विषय शोधत पुण्या-मुंबईकडे पाहण्याचे कारण नाही.

या अभ्यासाला आज राजकीय धारही आहे. सप्टेंबर २०२५मध्ये मराठा आरक्षणासाठी निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेला. त्यानंतर त्याच गॅझेटकडे बोट दाखवत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी मोर्चे काढले आणि आदिवासी संघटनांनी विरोधाचे मोर्चे काढले. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत आहेत, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत. पैनगंगा ओलांडली की पूर्वी निजामाचा थेट अंमल होता, तर पुसदसह वऱ्हाड १८५३पासून इंग्रजांच्या कारभारात. म्हणून सोयरिक नदीच्या दोन्ही तीरांवर असली तरी कागद वेगवेगळ्या दफ्तरांत पडले. पुसद भागात आंध, गोंड, कोलाम हे आदिवासीही शेजारी राहतात. इथे संशोधकाने कुणाच्या मोर्चाचे पत्रक लिहू नये. लायल यांचे १८७०चे गॅझेटियर, जनगणनेचे अहवाल, शाळांची जुनी दाखलपत्रे यांत प्रत्यक्ष काय लिहिले आहे, ते दोन्ही बाजूंच्या लोकांना वाचता येईल अशा मराठीत मांडणे, एवढे त्याने केले तरी फार मोठे काम होईल.

अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले, त्याआधी पुसद परिसरातली कॉलेजे नागपूर विद्यापीठाखाली होती. आता देशभरातले प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर ठेवले जातात, त्यामुळे कुणाही वाचकाला ते घरबसल्या मिळू शकतात. ध्वनिमुद्रणांची अशी सोय मात्र गावपातळीवरच करावी लागेल. पुसदच्या एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक संगणक आणि एक कपाट एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. प्रत्येक मुद्रणासोबत गाणारीची संमती, तिची इच्छा असेल तर नाव, तांडा, तारीख आणि गाण्याचा प्रसंग लिहिलेला असावा, आणि त्याची एक प्रत तिच्या घरी पोचलेली असावी.