एका रानात किती जमिनी? मातीची ईसी काय सांगते आणि काय सांगत नाही

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला जमला नाही, किंवा ज्यांना आकडे परत बघायचे आहेत, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

सुरुवात आमच्याच घरापासून. वाळवा तालुक्यात आमचं तीन एकर उसाचं रान आहे. त्यातल्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात ऊस दरवर्षी पिवळा पडायचा. आबा म्हणायचे, "आरं, त्या कोपऱ्याला काय बी घाल, ऊस वर येईना." मी माती तपासून आणली. कार्डावर ईसी ०.८४. आपल्याकडे १ च्या आतला आकडा सर्वसाधारण धरतात. म्हटलं, क्षारांचा प्रश्न नाही, खतच कमी पडतंय. दोन वर्षं त्या कोपऱ्यात जादा युरिया टाकला. पैसे गेले, ऊस होता तसाच राहिला.

चूक कुठे झाली ते सांगतो, पण आधी ईसी म्हणजे काय ते बघू.

ईसी म्हणजे विद्युत वाहकता. मातीतून वीज किती सहज वाहते, त्याचा आकडा. कोरडी माती वीज जवळपास वाहूच देत नाही. वीज जाते ती मातीतल्या पाण्यातून, त्यात विरघळलेल्या क्षारांच्या जोरावर. चिकणमातीच्या बारीक कणांच्या पृष्ठभागावरूनही थोडी जाते. त्यामुळे वाळूसर, मुरमाड जमिनीत आकडा कमी येतो, भारी काळ्या जमिनीत जास्त, आणि खारवट जमिनीत आणखी जास्त.

प्रयोगशाळेत मातीत पाणी मिसळून हा आकडा काढतात. पण तो फक्त त्या पिशवीतल्या मातीचा असतो. अख्ख्या रानाचा नकाशा हवा असेल तर उभ्या जमिनीतच मोजावं लागतं. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिलीत ट्रॅक्टरमागे लोखंडी तव्यांचं अवजार ओढतात. तव्यांची एक जोडी जमिनीत बारीकसा प्रवाह सोडते, बाकीच्या जोड्या व्होल्टेज किती बदललं ते मोजतात. तव्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं मोजमाप खोलवरचं. व्हेरिस नावाचं अमेरिकन यंत्र एकाच फेरीत साधारण ३० सेंटिमीटर आणि ९० सेंटिमीटर अशा दोन थरांचं मोजमाप देतं. प्रत्येक आकड्याला जीपीएसची जागा चिकटलेली असते, म्हणून थेट नकाशा तयार होतो.

दुसरीत जमिनीला हातही लावायचा नाही. ईएम ३८ नावाचं कॅनडाचं यंत्र म्हणजे साधारण मीटरभर लांबीची दांडी. तिच्या एका टोकाची कॉइल चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्यामुळे मातीत सूक्ष्म प्रवाह उठतात, आणि दुसऱ्या टोकाची कॉइल ते टिपते. उभं धरलं तर सुमारे दीड मीटर, आडवं धरलं तर पाऊण मीटर खोलीपर्यंतचा अंदाज येतो. एक गंमत म्हणजे हे यंत्र घेऊन चालताना खिशातला मोबाईल बाजूला ठेवावा लागतो. जवळचा धातू आकडा बिघडवतो.

मोजायचं कधी? वाफशावर. माती वाळली की वीज वाहत नाही आणि आकडे फसवतात. तापमानाचाही फरक पडतो. एक अंश वाढला की आकडा साधारण २ टक्के वाढतो, म्हणून सगळे आकडे २५ अंशांवर आणून तुलना करतात. दोन वेगळ्या दिवशी मोजलं तर आकडे बदलतात, पण कुठे जास्त आणि कुठे कमी, हे चित्र बहुतेक तसंच राहतं. आपल्याला हवं असतं ते चित्र.

आता खरी गोची. यंत्र जास्त आकडा दाखवतं, पण तो कशामुळे जास्त आहे ते सांगत नाही.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात वरच्या मातीखाली चिकणमातीचा घट्ट थर असतो. १९९० च्या दशकात न्यूवेल किचन, केनेथ सडथ आणि त्यांच्या सोबतच्या शास्त्रज्ञांनी ईसी मोजून हा थर किती खोल आहे त्याचा अंदाज काढला. तिथे जास्त आकड्याचा अर्थ होता, थर वर आलाय, चांगली माती कमी आहे. याउलट कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या क्षारता प्रयोगशाळेने हेच तंत्र खारवट रानं शोधायला वापरलं. तिथे जास्त आकडा म्हणजे क्षार. आकडा तोच, कारण वेगळं, उपायही वेगळा. आपल्या कृष्णाकाठी तर भारी काळी माती, साचलेलं पाणी आणि क्षार, तिन्ही एकाच रानात सापडतात.

म्हणून मी म्हणतो, ईसीचा नकाशा म्हणजे निदान नव्हे. कुठे खणायचं, ते तो दाखवतो. जास्त, मध्यम आणि कमी आकड्याच्या पट्ट्यांतून वेगवेगळे नमुने घ्यायचे आणि कारण प्रयोगशाळेत शोधायचं.

आणि माझी चूक नेमकी इथेच होती. मी दहा खड्ड्यांची माती एकत्र कालवली होती. आठ खड्डे वरच्या चांगल्या रानातले, दोनच त्या कोपऱ्यातले. नंतर दोन वेगळ्या पिशव्या दिल्या, तर वरच्या रानाची ईसी आली ०.४ आणि कोपऱ्याची २.६. सरासरी काढून बघा, बरोबर ०.८४! कार्ड खोटं नव्हतं. ज्या रानाचं ते कार्ड होतं, तसं रानच अस्तित्वात नव्हतं.

यंत्र गावोगावी भाड्याने मिळत नाही, मान्य. पण ही विभागणी डोळ्यांनीही करता येते. मातीचा रंग कुठे बदलतो, वाफसा कुठे उशिरा येतो, पाणी कुठे तुंबतं, पांढरा थर कुठे दिसतो? हे आबांसारख्या माणसांना तोंडपाठ असतं. नांगरट झाल्यावरचा सॅटेलाइट फोटो मोबाईलवर बघा, पट्टे दिसतील. प्रत्येक पट्ट्याची वेगळी पिशवी भरा. बांधाजवळची, झाडाखालची आणि खताच्या ढिगाजवळची माती टाळा. सामूसुद्धा बघा, कारण जमीन खारवट की चोपण, हे एकट्या ईसीवरून ठरत नाही, आणि जिप्सम लागतं ते चोपण जमिनीला.

आमच्या कोपऱ्याला आता युरिया बंद. आधी चर काढून पाण्याचा निचरा करायचा, मग क्षार धुवायचे. आबांना दोन्ही कार्डं दाखवली, तर म्हणाले, "मग मी काय येगळं सांगत हुतो?"

खरंय. नकाशा त्यांच्याकडे आधीपासूनच होता, मी विचारलाच नव्हता. तुमच्या घरच्यांना आज विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!