सिनेमातला बर्फ आणि तुमचा पीएचडीचा विषय

"मला सिनेमा किंवा गेम्ससाठी इंजिनिअरिंग करायचंय, तर पीएचडी कशात करू?" संशोधनाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न बरेचदा येतो. त्यामागे एक समजूत असते, की 'मनोरंजन अभियांत्रिकी' नावाची वेगळी शाखा कुठेतरी असणार आणि तिचा दरवाजा सापडला की झालं. त्या नावाचे अभ्यासक्रम काही परदेशी विद्यापीठांत आहेतही. पण संशोधनाच्या पातळीवर गोष्ट थोडी उलटी आहे. सिनेमा प्रश्न देतो आणि त्याचं उत्तर मेकॅनिक्स, कंट्रोल, संख्याशास्त्र अशा जुन्या-जाणत्या विषयांतून येतं. तीन उदाहरणं बघू.

१. बर्फ: घन की द्रव?

२०१३ साली डिस्नेचा 'फ्रोझन' आला. सिनेमाभर बर्फ. आता बर्फाची अडचण अशी, की तो एका साच्यात बसत नाही. मुठीत दाबला की गोळा होतो, भिंतीवर मारला की फुटतो, उतारावरून सुटला की पाण्यासारखा वाहतो. घन पदार्थ धरून गणित केलं तर वाहणं जमत नाही, द्रव धरलं तर गोळा होत नाही.

त्याच वर्षी सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत एक पेपर आला. लेखक लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले आणि डिस्ने अ‍ॅनिमेशनमधले. त्यांनी वापरलेली पद्धत म्हणजे मटेरियल पॉइंट मेथड. ती सिनेमासाठी जन्मलेली नाही. १९९०च्या दशकात न्यू मेक्सिको विद्यापीठात डेबोरा सल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, ती घन पदार्थ एकमेकांवर आदळणं, खूप वाकणं-दबणं असल्या प्रश्नांसाठी.

पद्धत समजायला सोपी आहे. आलेखाच्या कागदावर रांगोळीचे कण पसरलेत असं समजा. प्रत्येक कणाकडे स्वतःचं वस्तुमान, वेग आणि 'आपण किती दबलो, किती ताणलो' याची नोंद असते. प्रत्येक क्षणी चार कामं होतात:

- कण आपलं वस्तुमान आणि वेग जवळच्या चौकटीच्या बिंदूंना वाटून देतात.
- बल आणि नवा वेग यांचं गणित त्या बिंदूंवर होतं.
- नवा वेग कणांकडे परत येतो, कण पुढे सरकतात आणि आपली नोंद सुधारतात.
- कागद फेकून द्यायचा, पुढच्या क्षणाला कोरा कागद.

शेवटची पायरी महत्त्वाची. फायनाइट एलिमेंटमध्ये जाळी पदार्थासोबत वाकते, आणि पदार्थ फारच चुरगळला की जाळीही चुरगळून गणित कोसळतं. इथे कागद दरवेळी नवा, म्हणून तो चुरगळायचा प्रश्नच नाही.

पेपरमधलं पुढचं पाऊल बर्फाचं आहे. किती दाबल्यावर किंवा ताणल्यावर बर्फ कायमचा आकार बदलेल, याच्या दोन मर्यादा ठरवल्या. दबल्यावर तो किती कडक होईल, याचा एक आकडा ठेवला. मर्यादा लहान ठेवल्या की कोरडा, भुसभुशीत बर्फ मिळतो. वाढवल्या की ओलसर, ढेकळांचा. कडकपणाचा आकडा आणि यंग्ज मॉड्युलस वाढवले की तो गोठलेल्या बर्फासारखा वागतो. म्हणजे ज्याला प्लॅस्टिसिटीचा 'प'सुद्धा माहीत नाही, अशा कलाकाराच्या हातात मोजके आकडे आले आणि त्यांतून तो हवा तसा बर्फ मागू शकला.

गोष्ट इथे थांबत नाही. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनावर काम करणाऱ्या योहान गोम यांना फ्रोझनमधला बर्फ बघून त्यामागच्या पद्धतीत रस वाटला. २०१८ साली त्यांचा एक पेपर 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आला, त्यात बर्फाच्या थरात भेग कशी पळते याचं याच पद्धतीने केलेलं गणित आहे. सहलेखकांत २०१३च्या बर्फाच्या पेपरचे एक लेखकही आहेत. पुढे २०२१ साली गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी एक जुनं कोडं घेतलं. १९५९ मध्ये रशियाच्या उरल पर्वतात द्यातलोव खिंडीजवळ नऊ गिर्यारोहक मरण पावले होते. बर्फाचा एक छोटा थर तंबूवर घसरून तसल्या जखमा होऊ शकतात का, हे त्यांनी तपासलं. उत्तर आलं, 'शक्य आहे'. हा पुरावा नव्हे, पण आधी ज्या शक्यतेवर लोकांचा विश्वास बसत नव्हता ती गणितात टिकली.

पद्धत प्रयोगशाळेतून स्टुडिओत गेली आणि तिथून डोंगरावर पोचली. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

२. कॅमेरा: सरळ खाली बघायचंय

दुसरं उदाहरण मराठी माणसाचं आहे. २०१८ साली ऑस्कर अकादमीचा विज्ञान-अभियांत्रिकी पुरस्कार 'शॉटओव्हर के१' या कॅमेरा यंत्रणेसाठी चौघांना मिळाला. त्यांत पुण्याचे विकास साठ्ये होते, मूळचे इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर. यंत्रणा न्यूझीलंडमध्ये बनलेली.

हेलिकॉप्टर सतत थरथरतं, आणि त्याला लटकवलेल्या कॅमेऱ्यातून मात्र चित्र स्थिर हवं असतं. जायरोस्कोप हालचाल मोजतात आणि मोटारी त्याच्या उलट हालचाल करतात. हे फीडबॅक कंट्रोल, तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलं. खरी गंमत सरळ खाली बघताना येते. साध्या तीन अक्षांच्या गिंबलमध्ये एक अक्ष उभा असतो, ज्याभोवती कॅमेरा डावी-उजवीकडे वळतो. दुसरा अक्ष वर-खाली झुकण्याचा. तिसरा भिंगाच्या दिशेने जातो. कॅमेरा सरळ खाली वळवला की पहिला आणि तिसरा अक्ष एकाच रेषेत येतात. अक्ष तीन, पण हालचाली दोनच उरतात. यालाच गिंबल लॉक म्हणतात. के१ मध्ये सहा अक्ष आहेत, आणि सरळ खाली बघत चौकट लावण्याच्या सोयीचा उल्लेख पुरस्काराच्या मानपत्रातही आहे.

दिग्दर्शकाला फक्त 'वरून सरळ खाली' असा शॉट हवा होता. इंजिनिअरसाठी तो अक्षांच्या भूमितीचा प्रश्न झाला.

३. प्रकाश: चौपट काम, निम्मा फायदा

तिसरा प्रश्न रेंडरिंगचा. खरा वाटणारा प्रकाश हवा असेल तर प्रत्येक पिक्सेलमधून यादृच्छिक किरण सोडून सरासरी काढतात, म्हणजे मोंटे कार्लो पद्धत. किरण कमी असले तर चित्रात दाणे दिसतात. आणि ते निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, कारण त्रुटी वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होते.

आता बेरीज करा. ९० मिनिटांच्या सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर १,२९,६०० फ्रेम होतात. प्रत्येक फ्रेमला एक तास लागला, तर एका मशीनवर जवळजवळ पंधरा वर्षं. शेकडो मशीन लावली तरी किरण चौपट करणं कोणालाच परवडत नाही. म्हणून कमी किरणांच्या दाणेदार चित्रातून स्वच्छ चित्र काढण्यावर इतकं संशोधन झालं. हाच वर्गमुळाचा नियम अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या आणि रेडिएशन उपचाराच्या डोसच्या गणितातही छळतो.

मग फरक कुठे आहे?

फरक कसोटीत आहे. पुलाचं गणित प्रयोगाशी जुळावं लागतं. सिनेमातलं गणित डोळ्याला पटावं लागतं, दिग्दर्शकाच्या हुकमात राहावं लागतं आणि ठरल्या वेळेत संपावं लागतं. पण इथेच नवख्याची फसगत होते. 'छान दिसतंय' हा निष्कर्ष नाही. चांगल्या पेपरमध्ये लागलेला वेळ असतो, आकडे बदलल्यावर काय होतं हे असतं, जुन्या पद्धतीशी तुलना असते आणि पद्धत कुठे मोडते याची कबुली असते. हे चार नसतील तर तो डेमो आहे, संशोधन नाही.

जोखमीचं काय?

स्पष्ट सांगायला हवं. २०१३च्या फेब्रुवारीत रिदम अँड ह्यूज या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्यात तिच्या कामासाठी 'लाइफ ऑफ पाय'ला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. या कंपनीची मुंबई आणि हैदराबादलाही ऑफिसं होती. म्हणजे काम जगात उत्तम असूनही नोकरी पक्की नसते. शिवाय स्टुडिओतलं बरंच काम गोपनीयतेच्या कराराखाली असतं, ते थिसिसमध्ये येईलच असं नाही. आणि टूल्स बनवणं, पाइपलाइन सांभाळणं अशा बऱ्याच नोकऱ्यांना पीएचडी लागतही नाही. नवी पद्धत शोधायची असेल तरच ती पाच वर्षं घाला.

म्हणून विषय निवडताना एक कसोटी लावून बघा: *प्रश्नातून सिनेमा काढून टाकला तर मागे काय उरतं?* बर्फातून सिनेमा काढला तर हिमस्खलन उरतं. कॅमेऱ्यातून काढला तर स्थिरीकरण उरतं, जे ड्रोनलाही लागतं आणि जहाजालाही. प्रकाशातून काढला तर मोंटे कार्लो. काहीच उरत नसेल, तर तो विषय एका स्टुडिओच्या एका प्रोजेक्टचा आहे आणि त्याच्यासोबतच संपेल.

सुरुवात कुठून करायची?

- 'फिजिकली बेस्ड रेंडरिंग' हे पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. २०१४ साली त्याच्या लेखकांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. हो, पाठ्यपुस्तकाला! त्यातला कोड चालवून बघा.
- बर्फाचा २०१३चा पेपर घ्या आणि द्विमितीय, लहानसं रूप स्वतः लिहा. कंटिन्युअम मेकॅनिक्स किती येतं ते लगेच कळेल.
- आयआयटी मुंबई, ट्रिपलआयटी हैदराबाद इथल्या ग्राफिक्स आणि व्हिजनच्या लॅबचे अलीकडचे पेपर वाचा, मग ईमेल करा. 'मला सिनेमाची आवड आहे' एवढंच लिहू नका. तुमच्या बर्फाचा गोळा कुठल्या आकड्याला फुटला आणि तुमच्या मते का फुटला, ते लिहा.