फ्लेक्सोची छपाई बिघडली? प्रेशरला हात शेवटी लावा

(या भागाचं थोडं संपादित शब्दांकन)

आजचा भाग खास प्रेसवाल्यांसाठी. दुधाच्या पिशवीची फिल्म, लेबलं, खोकी... यातलं बरंच काही फ्लेक्सोवर छापलं जातं. कल्पना रबरी शिक्क्यासारखीच. उठावाची लवचिक प्लेट, तिला मोजून शाई देणारा बारीक खळग्यांचा ॲनिलॉक्स रोलर, जादा शाई खरवडणारं डॉक्टर ब्लेड आणि फिल्मला मागून टेकू देणारा इम्प्रेशन रोलर.

आता बघा, रंग फिका आला की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा काय होतं? प्रेशर वाढवतात. रंग भरतोही, पण दहा मिनिटांसाठी! मग अक्षरांच्या कडेला गडद रेघ दिसू लागते, त्याला आपण हॅलो म्हणतो. बारीक अक्षरं बुजतात, बारकोडच्या रेघा जाड होतात, स्कॅनर कोड वाचत नाही. माल परत येतो आणि प्लेटही लवकर झिजते. मूळ दोष मात्र तिथेच!

आधी मेजरटेप घ्या

डाग पुन्हापुन्हा येतोय का? मग दोन डागांमधलं अंतर मोजा. समजा, प्लेट चढवलेल्या सिलिंडरचा घेर 400 मिमी आहे आणि ॲनिलॉक्सचा व्यास 150 मिमी. म्हणजे ॲनिलॉक्सचा घेर झाला साधारण 471 मिमी. डाग दर 400 मिमीवर येत असेल तर प्लेट तपासा: कचरा, चीर, टेपखाली अडकलेली हवा. 471 वर येत असेल तर ॲनिलॉक्सला मार लागलाय. आडवे पट्टे गिअरच्या दोन दात्यांमधल्या अंतराने येत असतील, तर शाईला दोष देऊन उपयोग नाही. गिअरची झीज आणि बसणी बघा.

आणि फिल्मच्या लांबीच्या दिशेने अखंड उभी रेघ असेल तर? आधी ब्लेड. त्याखाली सुकलेल्या शाईचा कण अडकलेला असू शकतो, किंवा धारेला खाच पडलेली. ब्लेड बदलूनही रेघ त्याच जागी राहिली, तर ॲनिलॉक्सवर चरा पडलाय असं समजा.

रंग फिका, तर क्रम असा

एक, शाईची व्हिस्कॉसिटी कपाने मोजा. सॉल्व्हंट सतत उडत असतं, शाई घट्ट होते, प्लेटवर सुकते आणि ठिपके बुजतात. मग कुणीतरी अंदाजाने थिनर ओततं आणि रंग फिका पडतो. म्हणून अंदाज नको. दर अर्ध्या तासाने कप लावा, सेकंद लिहून ठेवा. पाण्यावरच्या शाईत पीएचही बघा. तो साधारण 8.5 ते 9.5 असतो. तो उतरला की शाई घट्ट होते.

दोन, कप बरोबर आहे, तरी रंग फिका? मग ॲनिलॉक्सचे खळगे भिंगातून बघा. सुकलेल्या शाईने ते बुजले असतील तर प्लेटपर्यंत शाई पोचणारच कशी? नीट साफ करा. सिरॅमिक ॲनिलॉक्सला पितळी ब्रश लावू नका, पितळ खळग्यांत घासून बसतं. त्याला स्टेनलेस स्टीलचा बारीक ब्रश हवा.

तीन, हे सगळं ठीक असेल, तरच प्रेशर. दोन्ही रोलर मागे घ्या. आधी ॲनिलॉक्स प्लेटला टेकवा, मग प्लेट फिल्मला. दोन्ही बाजू सारख्या, हळूहळू पुढे. पूर्ण चित्र उमटलं की थांबा. नुसता स्पर्श पुरतो.

शाई निघून येतेय?

छपाई सुंदर, पण चिकटटेप लावून ओढली की शाई टेपवर येते. शाई पूर्ण सुकलेली असेल, तर संशय फिल्मवर घ्या. पॉलिथिनला कोरोना ट्रीटमेंट लागते आणि पातळी साधारण 38 डाइन तरी हवी. फिल्म गोदामात पडून राहिली की ती उतरते. म्हणून रोल चढवायच्या आधी डाइन पेनने एक रेघ ओढून बघा. छापून झाल्यावर याला इलाज नाही.

शेवटचं सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलली की वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष जाईलही, पण कशाने गेला ते कळणार नाही. पुढच्या शिफ्टला तो परत आला, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! चला, भेटू पुढच्या भागात.