टेबलाला ‘हात’ जोडण्यापूर्वी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेली अनेक वर्षं मी कचेऱ्यांमधलं फर्निचर बसवण्याचं काम करतो. २०२० साली कचेऱ्याच घरात आल्या आणि माझं कामही घराघरांत शिरलं. तेव्हापासून एक वस्तू मला वारंवार बसवावी लागते. कॉम्प्युटरचा मॉनिटर अधांतरी धरून ठेवणारा धातूचा हात. दुकानात त्याला ‘मॉनिटर आर्म’ म्हणतात. टेबलाच्या कडेला शिकंज्याने आवळायचा, भोक पाडायची गरज नाही.

हा हात हवाच कशाला? आपल्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. ते सरळ असलं तर मणके पेलतात. पुढे झुकलं की मानेच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं, तेही रोजचे आठ-आठ तास. मॉनिटर बुटका असला की आपण नकळत वाकतो. खाली जाड पुस्तकं घालून उंची वाढते खरी. पण घरातल्या प्रत्येकाची उंची निराळी, आणि मॉनिटर पुढेमागे होत नाही. हात असला की हे सहज जमतं, शिवाय वही ठेवायला टेबल मोकळं होतं.

पण खरेदीला निघण्यापूर्वी मॉनिटरची पाठ बघा. मधोमध चौकोनात चार भोकं असतात. त्यांतलं अंतर ७५ किंवा १०० मिलिमीटर असेल, तर बाजारातले बहुतेक हात त्याला बसतात. ही मापं ‘वेसा’ या संघटनेने ठरवून दिली आहेत. भोकंच नसतील, तर वेगळी जोडपट्टी लागेल. मॉनिटरचं स्टँडशिवायचं वजन माहितीपत्रकात असतं. तेही टिपून ठेवा.

आता टेबल. लोक हाताची किंमत विचारतात, टेबलाची ताकद कोणी विचारत नाही. पहारीने दगड उचलताना लांब टोकाला थोडा जोर लावला की आखूड टोकाला तो कितीतरी पटींनी वाढतो. इथे तेच घडतं. पाच किलोचा मॉनिटर खांबापासून ५० सेंटिमीटर पुढे ओढला आणि शिकंज्याची पकड १० सेंटिमीटरची असली, तर ढोबळ हिशेबाने २५ किलोंचा जोर टेबलाच्या कडेवर येतो. तोही शिकंज्याच्या वरच्या पट्टीची पुढची कड आणि खालची छोटी चकती, एवढ्याच जागेवर.

सुतार ज्याला सहा सूत म्हणतात तो १९ मिलिमीटरचा चांगला प्लाय किंवा सागवानी फळी हे सोसते. भुशाचा दाबीव बोर्ड मात्र दबतो, आणि एकदा ओल लागली असेल तर कडेचा तुकडाच निघतो. एका घरी मी असं टेबल पाहिलं. वरचा सनमायका शाबूत, खालून बोर्ड बिस्किटासारखा भुगा झालेला, आणि शेजारी तीन वर्षांचं मूल खेळत होतं. अशा टेबलाला वरखाली लोखंडी पट्टी किंवा प्लायचा तळहाताएवढा तुकडा घालून मगच शिकंजा आवळावा. म्हणजे जोर पसरतो. कड आधीच फुगली असेल तर तिथे बसवूच नये. काचेच्या टेबलाला तर मी साफ नकार देतो.

टेबलाखाली, कडेला आडवी पट्टी आहे का, तेही हाताने चाचपून बघा. ती असली की चकती बसत नाही. टेबल भिंतीला चिकटलेलं असेल तर पुढे ओढा, कारण हाताचं कोपर मागे जातं.

बसवण्याचा क्रम सोपा आहे. आधी शिकंजा, मग खांब, मग हात. मॉनिटर शेवटी. पलंगावर गोधडी अंथरून मॉनिटर पालथा ठेवा, स्टँड काढा आणि हाताची पाटी चार स्क्रूंनी लावा. सोबत आलेलेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू आत घुसून पडदा निकामी करू शकतो. मॉनिटर टांगताना दुसरा माणूस हवाच.

ज्या हातात गॅसची स्प्रिंग असते, तो वर ढकलणारा असतो. मॉनिटर आपोआप वर जात असेल किंवा खाली बसत असेल, तर सोबतच्या षटकोनी चावीने, आमच्या भाषेत ॲलन कीने, ताण कमीजास्त करा. सोडाल तिथे थांबला, की झालं. उतरवताना विशेष जपा. हात सर्वांत वरच्या टोकाला नेऊनच मॉनिटर काढा. खाली असताना काढलात, तर वजन गेल्याबरोबर हात उसळतो आणि तोंडावर बसतो.

वायरींना कोपराशी थोडी ढील ठेवा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, आणि अंतर हातभर असावं. दुहेरी चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करावी लागते, आणि मान पुन्हा दुखते.

आठवड्याने शिकंजा एकदा तपासा. लाकूड थोडं दबतं, स्क्रू सैल होतो. अर्धा आटा आवळायला मिनिटही लागत नाही.