सोलापूरचा कर्जदार आणि दिवाळखोरीचा कायदा

देणे फेडण्याची ऐपत उरलेली नाही, असे न्यायालयाने जाहीर करणे म्हणजे दिवाळखोरी. समाजात ती अब्रू गेल्याची खूण मानली जाते. कायद्यात मात्र ती एक व्यवस्था आहे. कर्जदाराची मालमत्ता ताब्यात घेऊन सर्व धनकोंना प्रमाणात वाटायची आणि प्रामाणिक कर्जदाराला उरलेल्या बहुतेक देण्यांतून मोकळे करायचे, एवढाच तिचा हेतू आहे.

सोलापूर जिल्ह्याचा या कायद्याशी संबंध जुना आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जखते जाळली आणि दंग्यांचे लोण आसपास पसरले. त्यातून १८७९ मध्ये डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला. तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांसाठी होता. सावकाराने कागद पुढे केला तरी न्यायाधीशाने व्यवहाराचा सगळा इतिहास उकलून हिशेब नव्याने मांडावा, असे त्यात सांगितले होते. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकण्यास मनाई होती. आणि अवघ्या ५० रुपयांचे कर्ज असलेला शेतकरीही दिवाळखोरीचा अर्ज करू शकत होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम पाहिले. लहान माणसाचे लहान कर्जही न्यायालयाने ऐकावे, हा विचार या मातीत इतका आधी रुजला होता.

आज काय स्थिती आहे? २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत गरीब कर्जदारासाठी ‘नव्या सुरुवाती’ची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, पात्र कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा माणसाचे कर्ज तीत माफ होऊ शकते. विडी वळणाऱ्या बाईला किंवा यंत्रमागावरच्या कामगाराला उपयोगी पडेल अशी ही तरतूद अद्याप लागू झालेली नाही. व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. चादरी-टॉवेलचा कारखाना कंपनीच्या नावावर असेल आणि मालकाने बँकेला हमी दिली असेल, तर तो या संहितेच्या कक्षेत येतो. सोलापुरातल्या बाकी सगळ्यांसाठी १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदाच उरतो. आकडे जुने, कार्यपद्धती जुनी. नवा कायदा कागदावर ठेवून गरिबाला शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याकडे पाठवणे हा अन्यायच आहे.

त्या जुन्या कायद्यानुसार किमान ५०० रुपये देणे असलेला किंवा जप्ती-अटकेत सापडलेला कर्जदार जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. दिवाळखोर ठरताच त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. आधीच्या दोन वर्षांत बायको-मुलांच्या नावावर फुकट केलेली हस्तांतरणे रद्द होऊ शकतात, त्यामुळे ‘आधी सगळे नावावर करून टाकू’ हा सल्ला घातक आहे. मुक्ततेचा आदेश मिळाला तरी सरकारी देणी आणि फसवणुकीची देणी सुटत नाहीत. जामीनदारही सुटत नाही. मुक्तता मिळेपर्यंत विधानसभा किंवा संसदेची निवडणूक लढवता येत नाही.

सगळेच मात्र जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे न करता येणारे दागिने आणि शेतकरी, मजूर वा घरकामगार यांचे राहते घर यांना जप्तीपासून संरक्षण आहे. गहाण टाकलेल्या घराची गोष्ट वेगळी. पैसे खरोखरच नसतील तर केवळ त्यापायी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

बहुतेक घरांना न्यायालयापर्यंत जावे लागू नये. त्यासाठी आधी सगळी देणी एका कागदावर लिहावी लागतात: कोणाचे, किती, कोणत्या दराने, काय तारण आणि जामीन कोण. हातउसने, भिशी, बचत गट, पतसंस्था, सोनेतारण, काहीच वगळायचे नाही. मग दर वार्षिक करून पाहायचे. दरमहा शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के. १ लाखाचे कर्ज १२ टक्के ‘फ्लॅट’ दराने वर्षात फेडायचे तर हप्ता सुमारे ९,३३३ रुपये येतो. मुद्दल दरमहा कमी होत असल्याने खरा दर २१ टक्क्यांच्या पुढे जातो. सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. एक हप्ता भरायला दुसरे कर्ज काढणे थांबले नाही, तर कोणताही आराखडा टिकत नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणाऱ्याने तर सहीपूर्वी दोनदा विचार करावा: सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाच्या वसुली दाखल्यावर थेट त्याच्या पगारालाही हात लागू शकतो.

खासगी सावकारासाठी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे गुन्हा आहे. व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. हाच दामदुपटीचा जुना नियम. बेकायदा सावकाराने जमीन बळकावली असेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि चौकशीअंती ती परत मिळू शकते.

बँकेचा हप्ता ९० दिवस थकला की खाते थकीत गटात जाते. त्याआधीच शाखेत जाऊन मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागितली तर वाट मोकळी असते. वसुली एजंटाने सकाळी ८ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. तडजोड ठरली तर ती लेखी घ्यावी आणि पैसे भरल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा. दावा दाखल झालेला असेल तर लोकअदालतीत तो मिटवता येतो. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही आणि भरलेले न्यायालयीन शुल्कही परत मिळते.