कामगार स्त्रीचा साठ फुटी चेहरा

कला म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक, असा आपल्या वस्त्यांतून समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. हल्ली मोठ्या शहरांत प्रशस्त दालनाच्या चारही भिंतींवर यंत्राच्या साहाय्याने चित्रे फिरवितात. लोक तिकीट काढून आत जातात, फोटो काढून बाहेर येतात. तथापि हेच यंत्र कष्टकरी स्त्रियांच्या हाती दिले तर काय घडते, याचे एक उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आहे मेक्सिको देशातील तिहुआना या शहरातले, २००१ सालचे.

तिहुआना हे शहर अमेरिकेच्या सीमेला अगदी खेटून आहे. १९६५ पासून मेक्सिको सरकारने सीमेलगत परदेशी कंपन्यांना सवलत दिली. सुटे भाग बिनजकातीचे आणायचे, इथल्या स्वस्त मजुरीवर जोडून घ्यायचे आणि तयार माल बाहेर पाठवायचा. अशा कारखान्यांना तिकडे 'माकिलादोरा' म्हणतात. १ जानेवारी १९९४ रोजी अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांचा मुक्त व्यापार करार अमलात आला आणि हे कारखाने आणखी वाढले. एकट्या तिहुआनात टीव्ही संच प्रचंड प्रमाणावर जोडले जाऊ लागले. देशाच्या आतल्या भागांतून तरुण मुली कामासाठी तिथे येत. बोटे चपळ आणि तोंड बंद, म्हणून मालकांना बायकाच हव्या असत. 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेने १९९६ साली अहवाल काढून दाखवून दिले, की कामावर घेण्यापूर्वी बाईची गर्भचाचणी केली जाते आणि दिवस गेलेले असल्यास तिला नोकरी नाकारली जाते.

या शहरात क्शिश्तोफ वोदिच्को नावाचे कलावंत आले. जन्म १९४३, पोलंडमधील वॉर्सा येथला. शिक्षण यंत्रवस्तूंच्या रचनेचे, पुढे अमेरिकेत प्राध्यापकी. इमारती, स्मारके यांच्या दगडी अंगावर रात्री प्रकाशचित्रे टाकायची, ही त्यांची रीत. १९९८ साली बॉस्टन शहरात २२१ फूट उंच अशा बंकर हिल स्मारकावर त्यांनी काही मातांचे चेहरे आणि बोल उमटविले. या मातांची मुले त्याच वस्तीत खून होऊन गेली होती आणि वस्तीत मात्र 'पाहिले तरी बोलायचे नाही' असा अलिखित कायदा होता. पुढच्या वर्षी हिरोशिमात, अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या घुमटाखालच्या नदीकाठावर त्यांनी बाँबमधून वाचलेल्यांचे नुसते हात दाखविले. आवाज त्या माणसांचे.

तिहुआनात त्यांनी निवडली ती इमारत म्हणजे शहराचे सांस्कृतिक केंद्र. त्याच्या चित्रपटगृहाचा प्रचंड गोल घुमट लोकांना इतका परिचित आहे, की सारे शहर त्याला 'चेंडू' म्हणते. या चेंडूची साठ फूट व्यासाची दर्शनी बाजू हाच पडदा ठरला.

उपकरण साधे होते. डोक्यावर बसविण्याची एक चौकट, तिला तोंडासमोर रोखलेला छोटा कॅमेरा आणि मायक्रोफोन. बाई चालली, वळली, हुंदका आवरण्यासाठी मान खाली घातली, तरी चेहरा चित्रातून निसटत नसे. ती बोले त्याच क्षणी तिचा चेहरा घुमटावर पसरे आणि आवाज कर्ण्यांतून चौकात घुमे.

पण खरे काम त्याआधीचे होते. स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या स्थानिक संघटनांना सोबत घेऊन बराच काळ तयारी चालली. कोणी लिहून दिलेले संवाद नव्हते. आपण काय सांगायचे, हे ज्या त्या बाईने ठरवायचे होते. आम्हाला या साऱ्या खटाटोपात हीच गोष्ट मोलाची वाटते. शोषितांच्या दुःखावर बोलणारे विद्वान पुष्कळ, पण ध्वनिक्षेपक तिच्याच हातात देऊन बाजूला होणारे थोडे.

फेब्रुवारी २००१ मध्ये सलग दोन रात्री हा कार्यक्रम झाला. उघड्या चौकात दीड हजारांहून अधिक माणसे जमली होती. बायका बोलल्या त्या कारखान्यातल्या जाचाबद्दल, लैंगिक अत्याचाराबद्दल, दारूबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल, मोडलेल्या संसारांबद्दल. जे शेजारणीजवळही दबक्या आवाजात सांगायचे, ते साठ फुटी चेहऱ्याने भर चौकात सांगितले गेले. समोरच्या गर्दीत कोण उभे असेल याची बोलणारीला खात्री नव्हती. ओळखीचे असतील, नात्यातलेही असतील.

इथे आम्हाला एक शंका येते, ती लपवून ठेवीत नाही. कलावंत आपले सामान आवरून परत जातो. बाईला त्याच गावात, त्याच पाळीवर जायचे असते. दोन रात्रींनी मजुरी वाढत नाही आणि कारखान्याचा दरवाजाही बदलत नाही. मग हे धाडस कोणाच्या जिवावर? याला आम्हाला एकच उत्तर पटते, ते म्हणजे त्या संघटना. त्या आधीपासून तिथे होत्या, बायकांची त्यांच्याशी ओळख होती. अशी माणसे पाठीशी नसताना कोणी हौसेने असा प्रयोग मांडला असता, तर आम्ही त्याला विरोधच केला असता. आज त्या चौकटीवरच्यापेक्षा चांगला कॅमेरा आपल्या पोरांच्या खिशात असतो, त्यामुळे ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटली. अत्याचार झालेल्या बाईचे चित्रण तिला न विचारता फिरविणे आणि तिने स्वतः उभे राहून बोलणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या दोन रात्रींची चित्रफीत झालेली आहे. मंडळाच्या भगिनींनी ती मिळवून एकत्र बसून पाहावी. बोलणे स्पॅनिश भाषेत आहे, तेव्हा समजावून सांगणारे कोणी सोबत असलेले बरे. मात्र लहान मुलांना त्या वेळी बाहेर खेळायला पाठवावे. मजकूर कठोर आहे.